पुण्याचा घरबाजार थंडावतोय, कोंढव्याचं काय?

गेल्या काही महिन्यांत माझ्या फोनवर येणाऱ्या जाहिरातींची भाषा बदलली आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी ‘शेवटचे चार फ्लॅट’, ‘सोमवारपासून दरवाढ’ असा धाक असायचा. आता ‘मुद्रांक शुल्क आम्ही भरू’, ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’, ‘किचन ट्रॉली मोफत’, ‘नुसती साइट बघायला या, गाडी पाठवतो’ अशी आर्जवं येतात. एकाच प्रकल्पासाठी चार वेगवेगळे एजंट फोन करतात. चौघंही सांगतात की दर ठरलेला आहे, पण ‘बसून बोलू’. पुण्यात ज्याने कधी घर घेतलंय त्याला या ‘बसून बोलू’चा अर्थ ठाऊक आहे. तेजीच्या दिवसांत बिल्डरच्या ऑफिसात बसायला खुर्ची मिळत नव्हती, बोलणं तर लांबच.

वाघोली, खराडी, पुनावळे, रावेत, उंड्री या पट्ट्यांत एक सोपी चाचणी करून बघता येते. ताबा देऊन वर्ष उलटलेल्या एखाद्या टोलेजंग इमारतीसमोर रात्री नऊ वाजता उभं राहायचं आणि किती खिडक्यांत दिवा आहे ते मोजायचं. अंधारातली घरं बहुतेक गुंतवणूक म्हणून घेतलेली असतात. त्यांचे मालक आता विकायला निघालेत. म्हणजे बिल्डरला नव्या फ्लॅटसाठी स्वतःच्याच जुन्या ग्राहकाशी स्पर्धा करावी लागतेय. बाजार थंडावल्याची यापेक्षा खरी खूण मला तरी माहीत नाही.

मालमत्ता सल्लागारांनीही २०२५ साली पुण्यात विकल्या गेलेल्या घरांची संख्या आदल्या वर्षापेक्षा घटल्याचं नोंदवलं आहे. पण त्याच अहवालांत सरासरी दर वाढल्याचंही लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, मागणी कमी आणि भाव जास्त, हे कसं? वर्गातली बुटकी मुलं गैरहजर राहिली की वर्गाची सरासरी उंची वाढते, तसं. लहान, मध्यमवर्गीयांच्या आवाक्यातली घरं कमी बांधली आणि कमी विकली जातायत. मोठी, महाग घरं त्या मानाने टिकून आहेत. त्यामुळे सरासरी वर जाते. केंद्र सरकारने २०१९मध्ये जीएसटीच्या सवलतीसाठी ‘परवडणाऱ्या’ घराची मर्यादा ४५ लाख ठरवली. त्या रकमेत आज पुणे शहरात धड कागदपत्रं असलेलं दोन बेडरूमचं घर शोधायला निघालात तर चपला झिजतील.

दुसरी गोष्ट व्याजदराची. रिझर्व्ह बँकेने मे २०२२पासून वाढवत नेलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३मध्ये साडेसहा टक्क्यांवर पोचला. मग २०२५च्या एकाच वर्षात तो सव्वापाचवर आला. एवढी कपात झाली की घरं धडाधड विकली जातात, असं आजवरचं गणित सांगायचं. या वेळी तसं झालं नाही. कारण साधं आहे. साठ लाखांचं वीस वर्षांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याला सुमारे ५२ हजार हप्ता येतो, साडेसात टक्क्यांनी सुमारे ४८ हजार. चारेक हजार वाचले. पण दरम्यान घराची किंमत वाढून कर्ज पंचाहत्तर लाखांवर गेलं असेल तर कमी व्याजदरानेही हप्ता ६० हजारांवर जातो. बँकेने एका हाताने दिलेलं बिल्डरने दोन्ही हातांनी घेतलं. त्यात हिंजवडी-खराडीतल्या नोकऱ्यांचं चित्र पूर्वीसारखं राहिलं नाही. टीसीएससारख्या कंपनीने जुलै २०२५मध्ये सुमारे दोन टक्के कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केल्यावर वीस वर्षांच्या हप्त्यावर सही करताना हात थबकणारच.

मग भाव उघडपणे खाली का येत नाहीत? बिल्डरने एका ग्राहकाला दर पाच हजारांनी कमी करून दिला की आधी घेतलेले पन्नास जण दारात उभे राहतात. बँकही मग सगळ्या प्रकल्पाचं मूल्य कमी धरते. वरून रेडी रेकनर आहे. १ एप्रिल २०२५पासून राज्यात रेडी रेकनरचे दर सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढले. तुम्ही घासाघीस करून स्वस्तात घर मिळवलंत तरी मुद्रांक शुल्क सरकारी दरानेच भरायचं. सौदा सरकारी दराच्या दहा टक्क्यांहून खाली गेला तर प्राप्तिकर खातं तो फरक तुमचं उत्पन्न समजतं. त्यामुळे कागदावर भाव तोच राहतो आणि सूट मागच्या दाराने मिळते. कुठे मुद्रांक शुल्क बिल्डर भरतो, कुठे पार्किंग, कुठे दोन वर्षांचा मेंटेनन्स. पुण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के आहे, घर बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. ऐंशी लाखांच्या घरावर ही सूट साडेपाच लाखांच्या घरात जाते. तिला भाव उतरणं म्हणायचं नसेल तर नका म्हणू.

इथवर सांगितलं ते अवघ्या शहराचं झालं. पण पुण्यात घरांचा एकच बाजार नाही. निदान आमच्यासाठी नाही.

माझा भाचा आयटीत आहे. पगार चांगला, कर्जाची मंजुरी हातात, बायको शिक्षिका, एक मुलगी. त्याची कचेरी खराडीत आणि घर कोंढव्यात. रोज येऊनजाऊन अडीच तास रस्त्यावर जातात. कात्रज-कोंढवा रस्त्याचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चाललंय, हे पुणेकरांना सांगायला नको. त्याने तेजीच्या काळात खराडी, विमाननगर, मगरपट्ट्याच्या आसपास रीसेलचं घर शोधायला सुरुवात केली. फोनवर सगळं ठरायचं. मजला, दिशा, किंमत, शनिवारी किती वाजता यायचं तेही. मग एजंट सहज विचारल्यासारखं विचारायचा, ‘सर, नाव काय म्हणालात?’ नाव सांगितलं की शनिवारपर्यंत फ्लॅट विकला जायचा. एकाने स्पष्ट सांगितलं, ‘मालकांना काही नाही हो, सोसायटीचं जरा तसं आहे.’ दुसऱ्याने विचारलं, ‘व्हेज आहात का?’ भाचा म्हणाला, हो म्हटलं असतं तर काय, नाव शाकाहारी झालं असतं?

हे वाचून अनेक मुस्लिम वाचक म्हणतील, यात नवं काय! नवं काहीच नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी वेगवेगळ्या नावांनी विचारणा करून पाहिली होती. तो अभ्यास २०१५मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू नावाला सर्वांत सहज होकार मिळाला, दलित नावाला कमी, मुस्लिम नावाला सर्वांत कमी. त्याआधी २००६च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांना घर भाड्याने किंवा विकत मिळण्यात अडचणी येतात आणि त्यातून वस्त्या एकगठ्ठा होत जातात, याची नोंद आहे. काही बँका ठरावीक भाग ‘नकारात्मक’ ठरवून तिथे कर्ज देणं टाळतात, हेही त्यात आहे. म्हणजे बाहेर घर मिळत नाही म्हणून तुम्ही वस्तीत येता आणि वस्तीत आलात म्हणून बँक कर्ज देत नाही.

कोंढवा असाच भरत गेला. कॅम्प, भवानी पेठ, गंज पेठ, नाना पेठ, मोमीनपुरा इथल्या वाड्यांत आणि चाळींत एका खोलीत तीन पिढ्या राहात होत्या. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कौसरबाग आणि आसपासच्या सोसायट्या झाल्या आणि ज्यांना शक्य होतं ते निघाले. मुंबईत १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंब्रा आणि मीरा रोड जसे फुगले, तसा कोंढवा भीतीनेच भरला असं मी म्हणणार नाही. मशीद जवळ हवी, मुलांची शाळा हवी, खाला आणि चाचा हाकेच्या अंतरावर हवेत, अडीअडचणीला पैसे उसने देणारं माणूस हवं, ही ओढ खरी आहे आणि त्यात गैर काही नाही. कोकणस्थ सदाशिव पेठेत राहिले तेव्हा त्याला कुणी घेट्टो म्हटलं नव्हतं. पण स्वखुशीने राहणारा माणूस आणि दुसरीकडे दार बंद म्हणून राहणारा माणूस एकाच जिन्यावरून चढत असले तरी बाजारात त्यांची पत वेगळी असते. दुसऱ्याला घासाघीस करता येत नाही. आणि त्याला घासाघीस करता येत नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं.

याची किंमत कोंढव्यात कशी वसूल होते ते बघा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या, पार्किंग कागदावरच असलेल्या, पाण्यासाठी टँकरवर अवलंबून असलेल्या इमारतीतल्या फ्लॅटला जो भाव सांगितला जातो, त्यात थोडी भर घातली तर शहराच्या दुसऱ्या टोकाला लिफ्ट, बाग आणि सगळे दाखले असलेलं घर येतं. फक्त ते आपल्याला मिळत नाही. मंजूर नकाशा चार मजल्यांचा आणि इमारत सात मजल्यांची, अशी उदाहरणं गल्लोगल्ली सापडतील. वरच्या तीन मजल्यांवर राहणाऱ्यांना बँकेचं कर्ज नाही, कागदावर धड मालकी नाही, पालिकेचा दंडात्मक कर मात्र आहे. आणि हे बांधणारा बिल्डर बहुतेक वेळा ‘आपलाच’ असतो. जुम्म्याला पहिल्या सफेत बसतो, मदरशाला देणगी देतो. बाहेरच्याने दार बंद केलं म्हणून आतल्याला लुटायची सोय झाली, हे आपण मोकळेपणाने बोलत नाही. बोलायला हवं.

म्हणूनच बाहेरच्या थंडाव्याचा वारा कोंढव्यात सर्वांत शेवटी पोचतो. वाघोलीत गिऱ्हाईक नसलं की बिल्डरला झळ बसते. कोंढव्यात गिऱ्हाईक कोंडून ठेवलेलं आहे, ते कुठे जाणार? भाडी तर उतरलेलीच दिसत नाहीत. उंड्री-पिसोळीपर्यंत वस्ती सरकली. उंड्री २०१७मध्ये आलेल्या ११ गावांत, पिसोळी २०२१मध्ये आलेल्या २३ गावांत पालिकेत आली. पालिका आली, कर आले, नळाला पाणी यायचं राहिलं.

माझा मुद्दा आता सुरू होतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७मध्ये भेदभावाच्या अर्थशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, भेदभाव करणारा माणूस आपल्या नावडीसाठी पैसे मोजत असतो. नालायक पण ‘आपला’ कामगार ठेवला तर नफा घटतो, चांगलं गिऱ्हाईक परत पाठवलं तर माल पडून राहतो. स्पर्धेत असा माणूस मागे पडेल आणि भेदभाव आपोआप विरेल, हा त्या विचारातला आशावाद मला भाबडा वाटतो. आपला अनुभव तसा नाही. जिथे सगळेच मिळून नकार देतात तिथे कुणीच मागे पडत नाही. पण त्यातला एक भाग खरा आहे आणि तो आत्ता पुण्यात डोळ्यांसमोर दिसतोय. तेजीत एका गिऱ्हाइकाला हाकलणं फुकट असतं, कारण मागे दहा उभे असतात. मंदीत ते महाग पडतं. रिकाम्या फ्लॅटचा हप्ता मालकाला दर महिन्याच्या पाच तारखेला भरावाच लागतो आणि बँक त्याला विचारत नाही की गिऱ्हाईक व्हेज होतं का.

भाच्याला ज्या एजंटाने ‘सोसायटीचं जरा तसं आहे’ सांगितलं होतं, त्याचाच आठ महिन्यांनी फोन आला. ‘सर, तो फ्लॅट अजून आहे. मालक मोकळ्या मनाचे आहेत.’ आठ महिन्यांत मन मोकळं झालं होतं. किंमतही सहा लाखांनी.

घरात यावर मोठी चर्चा झाली. माझी आपा, म्हणजे भाच्याची आई, साफ विरोधात. ‘ज्यांनी एकदा नाव ऐकून दार लावलं त्यांच्या शेजारी जाऊन राहायचं? पोरीला खाली खेळायला कोण घेईल? बकरी ईदला काय करायचं? रात्री दोन वाजता माझं दुखलं तर तू खराडीहून येशील?’ या प्रश्नांना सोपी उत्तरं नाहीत आणि ‘भीती मनातून काढा’ असली भाषणं मला आपाला द्यायची नाहीत. पंचावन्न वर्षांत तिने जे पाहिलंय त्यावरून ती बोलते. सोसायटीत मांस शिजवण्यावरून, लिफ्टमधल्या बुरख्यावरून, पार्किंगमधल्या बोकडावरून झालेले वाद आपण सगळ्यांनीच ऐकलेत.

भाचा म्हणाला, ‘अम्मी, ते मला आवडून घेतायत असं मी कुठे म्हणतोय? त्यांना पैसे हवेत, मला घर हवंय. एवढ्यावर पण शेजार होतो.’

मला त्याचं पटतं. पुण्यातल्या अनेक जुन्या सोसायट्यांत पहिलं मुस्लिम किंवा पहिलं दलित कुटुंब असंच कुठल्या तरी मंदीत, कुणाच्या तरी नाइलाजाने आत आलेलं असतं. दहा वर्षांनी तेच सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं बघत असतात. हृदयपरिवर्तनाची वाट बघत बसलो तर मुलीचं लग्न होईल. शिवाय तेजी परत येणार. पुण्यात ती दर काही वर्षांनी येतेच. २०१४नंतरची पाच-सहा वर्षं बाजार मरगळलेला होता. नोटबंदी, रेरा, जीएसटी एकामागोमाग आले. २०२०च्या सप्टेंबरात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोन टक्क्यांवर आणलं आणि पुढे बघता बघता दारं पुन्हा लागली. उघडी फट फार दिवस उघडी राहात नाही.

फट रुंद करायला कायदा किती उपयोगी पडतो? थोडा. नाव ऐकून घर नाकारणाऱ्या खासगी मालकाला शिक्षा करणारा थेट कायदा आपल्याकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सदस्यत्व पारशांपुरतं ठेवणारी उपविधी मान्य केली, तेव्हा एका समाजापुरत्या सोसायट्यांना बळच मिळालं. पण पुण्यातल्या बहुसंख्य सोसायट्यांच्या उपविधींत असं काही लिहिलेलं नाही. ‘सोसायटीचं जरा तसं आहे’ ही हवेतली उपविधी आहे. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट विकताना भागहस्तांतरासाठी सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र सक्तीचं नाही. महाराष्ट्राचा सहकार कायदा म्हणतो की पुरेसं कारण असल्याशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सदस्य झाल्याचं मानलं जातं. नकार आला तर निबंधकाकडे अपील करता येतं. हस्तांतर शुल्कही महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर मागता येत नाही. बँकेला ना-हरकत लागते म्हणून गाडी पुन्हा सोसायटीच्या दारात येते हे खरं, पण विकणाऱ्याला गरज असेल तर तो स्वतः सेक्रेटरीशी भांडतो. तेजीत तो भांडत नाही, तुम्हाला सोडून देतो. हक्क तोच आहे, विकणारा आपल्या बाजूने उभा राहण्याचे दिवस मात्र हेच आहेत.

एक गोष्ट जाता जाता. हनफी फिकहमध्ये ‘शुफा’ नावाचा हक्क आहे. शेजारचं घर विकायला निघालं तर ते त्याच भावात घेण्याचा पहिला हक्क शेजाऱ्याचा. आपल्याकडे सोसायट्यांनी त्याची आगळीच आवृत्ती काढली आहे. घर आम्ही घेणार नाही, पण तुम्हीही घ्यायचं नाही!

जे कोंढवा-उंड्रीतच घर घेणार आहेत, आणि बहुतेक जण तिथेच घेणार, त्यांच्यासाठीही हा काळ कामाचा आहे. भाव उतरला नाही तरी कागद मागता येतात. भोगवटा प्रमाणपत्र दाखव, रेराचा नंबर दे, मंजूर नकाशात हा मजला कुठे आहे ते बोट ठेवून सांग, असं दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर ‘नको असेल तर सोडा’ ऐकावं लागलं असतं. आता रिकामे फ्लॅट कोंढव्यातही आहेत. सात-सात इमारती बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

आणि बयाणा शब्द निघाला म्हणून व्याजाबद्दल. आपल्यातले बरेच जण रिबा टाळण्यासाठी बँकेचं कर्ज घेत नाहीत. त्यांच्या श्रद्धेवर मला काही म्हणायचं नाही. रघुराम राजन समितीने २००८मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१७मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे नेणार नसल्याचं सांगितलं. म्हणजे सरळ रस्ता बंद. मग लोक काय करतात? बिल्डरला रोख हप्ते देतात, बदल्यात डायरीत नोंद नाहीतर साध्या कागदावर पावती. किंवा ‘हलाल नफ्या’च्या योजनेत पैसे वाढवून घर घ्यायचं म्हणतात. २०१९मध्ये बंगळुरूच्या आयएमएमध्ये हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी बुडाली, त्यांत घरासाठी जमवलेले पैसे किती असतील कुणास ठाऊक. किंमत आधी ठरवून हप्त्याहप्त्याने फेडणं जायज आहे, असं बहुतेक आलिम सांगतात. पण हप्ते जायज असले म्हणून करारनामा नोंदवायचा नाही असं कोणत्याही आलिमने सांगितलेलं नाही. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. तेजीत बिल्डर म्हणायचा, करार नंतर करू, आधी पंचवीस टक्के आणा. आता रोख घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाची त्याला गरज आहे. ज्याच्या खिशात बँकेचे नाही तर स्वतःचे पैसे आहेत, त्याने तर आधी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत चला असं ठणकावून सांगावं.

एवढं लिहून बाजार थंडावल्याचा आनंद साजरा करावा असं वाटत असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक चक्कर मारा. घरं विकली जात नाहीत तेव्हा दरवाजे विकले जात नाहीत. पुण्यातल्या बांधकामावरचे फरशी बसवणारे, रंगारी, सुतार, प्लंबर, पीओपीवाले यांत मुस्लिम कारागीर किती आहेत ते कुठल्याही साइटवर दुपारी जोहरच्या वेळेला दिसतं. बिहार, उत्तर प्रदेश, बंगालपासून आपल्या लातूर-नांदेडपर्यंतचे. त्यांना मंदीची बातमी अहवालातून कळत नाही. मुकादम म्हणतो, पुढच्या आठवड्यात फोन करतो, आणि करत नाही.

आपाचे मिस्टर, आमचे दुल्हेभाई, अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांचं काम करतात. हाताखाली नऊ माणसं होती, आता चार आहेत. गेल्या वर्षभरात एका बिल्डरकडे त्यांचे अठरा लाख अडकले. दर महिन्याला चकरा मारून थकले. गेल्या महिन्यात बिल्डरने त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, रोकड नाही, पण तुम्ही परके थोडेच आहात. अठरा लाख बुकिंगचे धरा, बाकीचे सवडीने द्या, एक फ्लॅट नावावर करून घ्या. धंद्यातले लोक याला बार्टर म्हणतात. कंत्राटदाराला पैशांऐवजी फ्लॅट देऊ लागले की समजायचं, बिल्डरची तिजोरी रिकामी झाली.

फ्लॅट कुठला, तर खराडीच्या पुढचा. त्याच रस्त्यावरचा, जिथे भाच्याला शनिवारपर्यंत फ्लॅट विकला गेल्याचं सांगितलं होतं. त्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या दुल्हेभाईंनीच बसवल्यात. आपा अजून बोलत नाहीये. त्यांनी परवा मला विचारलं, ‘एजंट म्हणतो, लगेच विकायचा तर पंधरा टक्के सोडावे लागतील. तुम्ही सांगा, विकू की पोराला देऊ?’ मी म्हटलं, आधी त्या मजल्याचं भोगवटा प्रमाणपत्र बघून या.